तुटला की सुटला

मकरपुऱ्याच्या वसाहतीत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला
पत्र्याखाली आमची प्रयोगशाळा.
दर मंगळवारी करजणहून शनाभाई येतो,
टेम्पोत केळीच्या धाग्याच्या पेंढ्या,
पिवळट, आंबूस वासाच्या,
वेणी सोडून मोकळ्या टाकल्यासारख्या.

घड उतरला की केळीचं काम संपतं.
दुसऱ्यांदा ती व्यायची नाही.
पूर्वी खांब बांधावर लोटून देत,
चिलटं घोंघावत, चिखल होई,
कधी कुणी मांडवासाठी चार मागून नेई, तेवढंच.
आता तोच खांब यंत्रात खरवडतात
आणि त्याची किलोवारी पावती
माझ्या टेबलावर पंख्याने फडफडते.

मी धागा कॉस्टिकच्या पाण्यात बुडवते.
शंभराला पाच. दोन तास.
मेण सुटतं, डिंक सुटतो, पाणी कोऱ्या चहाचं होतं.
जास्त ठेवला तर धागाच गळाठतो,
कमी ठेवला तर राळ त्याला धरत नाही.
धागा पाण्याचा लोभी,
राळ पाण्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारी;
यांचं जमवायचं म्हणजे
दोन्हीकडच्या मानापानात उभ्या राहिलेल्या
मधल्या बाईचं काम.

एकोणीस वर्षं करतेय.
आधी काचेचा धागा होता. त्याची कुसळं दिसायची नाहीत,
रात्री भाकरी थापताना तळहातात बोलायची.
केळ टोचत नाही.
पण तिचा चीक कोटावर पडला, त्याचा तपकिरी डाग
दहा धुण्यांत गेला नाही. मी नाद सोडला.

साचा, ब्रश, रोलर.
बुडबुडा राहू नये म्हणून श्वाससुद्धा हळू.
मग दाब, मग रात्रभर वाट,
मग डमरूच्या आकाराच्या पट्ट्या कापून
यंत्राच्या दोन जबड्यांत एकेक द्यायची.
यंत्र ओढतं, आकडा चढतो.
आधी किरकिर, वाळल्या सोपटासारखी.
मग टण्ण.

खरा निकाल आकड्यात नसतो,
तुटल्या तोंडाशी भिंग धरावं लागतं.
धागा सुटला असेल तर राळेत
स्वच्छ गोल भोक उरतं,
भाडेकरू गेल्यावर भिंतीत खिळ्याचं उरतं तसं.
होता तिथे, पण लागला नव्हता.
तुटला असेल तर कडेला त्याचीच फाटकी टोकं,
अंगाला राळ अजून चिकटलेली.
आमच्या वहीत दोनच रकाने.

आज शनाभाई थांबला, पंक्चर निघेपर्यंत.
स्टुलावर बसून म्हणाला,
"बेन, तमे मूळ क्यांना?"
मी म्हटलं, दांडियाबाजार.
"एम नहीं. मूळ?"

मूळ.
पणजोबा कराडहून आले, पागेत कारकून म्हणून,
असं घरात सांगतात.
कराड मी एकदाच पाहिलं, एका लग्नात.
तिथे आमटी मी केली, ती सगळ्यांना गोड लागली,
आणि वाढणाऱ्या पोराने विचारलं,
तुम्ही गुजरातच्या ना?

मी जबडे आवळले.
म्हटलं, शनाभाई, सहावी पट्टी. बघा.

टण्ण.
तो दचकून उठला, चेहरा पडला.
"तूटी गयुं? आ वखते माल काचो हशे, बेन."
मी भिंग त्याच्या हातात दिलं.
एक डोळा मिटून तो बराच वेळ पाहत राहिला,
बी-बियाणं पारखावं तसा.
केसाळ कडा. एकही भोक नाही.
म्हटलं, तोडायचंच होतं. असंच तुटायला हवं होतं.

त्याला पटलं की नाही, कळलं नाही.
तुकडा मागून घेतला,
खिशात विडीच्या बंडलाशेजारी ठेवला.
ही आपल्या शेतातली केळ आहे म्हटलं
तर घरची हसेल, म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

वहीत लिहिलं: सहा. तुटला.
मग कोट खुंटीला लावला,
डागाची बाजू बाहेर.